शिंप्याकडे टाकलेलं कापड

पत्र:

वाईजवळच्या एका गावात माझं डीटीपीचं दुकान आहे. १९९७ साली सुरू केलं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, मी संगणकावर जुळवतो, एवढाच फरक. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि वर्षाकाठी दोन-चार पुस्तकं. सगळं काम पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये, एकाच कंपनीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, ज्याच्याशिवाय ते चालत नाही, अजून मशीनच्या मागे लावलेलं आहे आणि मशीन जुन्या विंडोज एक्सपीवर चालतं. ते गेलं की दुकान गेलं. गिऱ्हाइकं हल्ली व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतात. माझ्याकडे तो चिकटवला की सगळी प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून छापून पुढ्यात ठेवतो आणि पुन्हा टाइप करतो.

गेल्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. त्यांच्या वडिलांचं आठवणींचं पुस्तक मी २००३ साली जुळवलं होतं. वडील वारले, प्रकाशकानं गाशा गुंडाळला. बाई शिक्षिका होत्या, मधुमेहानं त्यांची दृष्टी गेली. आता फोनकडून वाचून घेतात. मी पुस्तकाची पीडीएफ पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला, काही न बोलता घरातला दुसरा फोन जवळ धरला आणि मला ऐकवलं. इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच सेमीकोलन. मग म्हणाल्या, "भाऊ, हे बाबा नाहीत हो."

मुलगा म्हणतो, मजकूर देऊ नका, फाइल आपली प्रॉपर्टी आहे, द्यायचीच तर पाच आकडी रक्कम मागा. तोच म्हणतो, जुनं सगळं फेकून महिन्याच्या भाड्याचं सॉफ्टवेअर घ्या, जुनी पुस्तकं एआयला फोटो दाखवून टाइप करून घ्या. माझं वय सत्तावन्न. मी काय करू?

– एक जुळारी

उत्तर:

नमस्कार.

सहीच्या जागी 'जुळारी' लिहिलंत, तिथेच मी तुमच्या बाजूचा झालो. पण आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. मजकूर बाईंना द्या.

शिंप्याकडे कापड टाकलं म्हणून ते शिंप्याचं होत नाही. शिलाई त्याची. तुमची शिलाई २००३ सालीच मिळाली असणार. नसेल, तर ती प्रकाशकाकडे बुडाली, ती बाईंकडून वसूल करायची नसते. चिरंजीवांना कायदा हवा असेल तर तोही असाच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या पश्चात साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो. प्रकाशकाला हक्क लिहून दिले असतील तर करार बघावा लागेल, पण करारात मुदतच घातलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकांच्या करारात मुदत किती वेळा असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. बऱ्याचदा करारच नसतो, चहा असतो. जुळणी करणाऱ्याचा मजकुरावर हक्क मात्र कुठेच लिहिलेला नाही.

आणि बाई वारस नसत्या, शेजारच्या असत्या, तरी उत्तर बदललं नसतं. २०१२च्या दुरुस्तीनं ५२व्या कलमात भर पडली. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून तिला स्वतःच्या वाचनासाठी देणं, हा हक्कभंग धरत नाहीत. पुढच्याच वर्षी दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून मोरोक्कोतल्या माराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला सगळ्यात आधी मंजुरी देणारा देश भारत होता. कागदावर आपण पहिले. इकडे एका मुलीला बापाच्या आठवणींच्या जागी डॉलर आणि सेमीकोलन ऐकावे लागतात.

मुलाचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे: कष्ट फुकट नसावेत. फाइल बदलायची, तपासायची, दुरुस्त करायची, याला चार-सहा दिवस जातील. त्याचे पानाप्रमाणे पैसे सांगा, बाई आनंदानं देतील. मी तुमच्या जागी असतो तर या एका पुस्तकाचे घेतले नसते, कारण या पुस्तकावर तुम्ही जे शिकाल त्यावर पुढची दहा वर्षं दुकान चालेल. पण घेतलेत तरी काही बिघडत नाही. पाच आकडी आकडा मात्र मजुरीचा नाही, खंडणीचा आहे. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वाट नाही हे ठाऊक असताना मागितलेल्या पैशाला दुसरं नाव नाही. आणि गंमत बघा, तुमच्या मशीनच्या मागचं ते लॉक ज्यांनी बनवलं, त्यांनीही तुमच्याशी नेमकं हेच केलं.

आता तो फोन असा का बरळला ते सांगतो.

तुमच्या फाइलमध्ये मराठी नाहीच. मराठीचं चित्र आहे. तुमच्या कंपनीचं नाव मला नको, बऱ्याच जणांच्या ओळखीच्या कृतिदेव फॉन्टचं उदाहरण घेऊ. त्यात 'मराठी' असा शब्द लिहिला की संगणकाच्या पोटात ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं जातात. फॉन्ट ई-च्या जागी म-चं चित्र दाखवतो, जे-च्या जागी र-चं, के-च्या जागी कान्याचं. डोळ्यांना मराठी दिसतं. फोन चित्र बघत नाही, पोटातलं वाचतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातला प्रकार. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक पद्धतीत तसं नाही. तिथे म-ला स्वतःचा क्रमांक आहे, २३५०. र-ला २३५२, कान्याला २३६६, ठ-ला २३३६, दीर्घ वेलांटीला २३६८. फॉन्ट कोणताही लावा, तोंडावळा बदलेल, आतलं अक्षर तेच राहील. म्हणून ते शोधता येतं, चिकटवता येतं, फोनला मोठ्यानं वाचता येतं. मराठी विश्वकोशाचं कार्यालय तुमच्या वाईतच आहे. त्याचे जाडजूड खंड आज फोनवर शोधता येतात आणि बाईंचा फोन ते घडाघडा वाचूनही दाखवेल. त्यांच्या वडिलांचं पुस्तक तेवढं मुकं.

यात तुमची चूक किती? १९९७ साली काहीच नाही. तेव्हाच्या विंडोजला देवनागरी येतच नव्हती. ती आली विंडोज २०००पासून. पण सॉफ्टवेअरवाल्यांना मी एवढं सहज सोडणार नाही, आणि मीही त्याच आळीतला आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९९१ साली ठरलं होतं. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षाची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरच बेतलेली. कंपन्यांना ठाऊक होतं. तरीही ज्यानं त्यानं आपापली बाराखडी वेगळी कापली, कारण एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली असती तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं असतं. प्रत्येकाच्या विहिरीला वेगळा पोहरा. पाणी तुमचंच, पण पोहरा विकत घ्यायचा, तोही कुलूप लावलेला. पुढे पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली आणि तो तिथेच थांबला. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनला आपली जोडाक्षरं धड कळायला २०१२ उजाडलं. मधली दहा-अकरा वर्षं तुमच्यासारख्यांना खरोखर वाट नव्हती. त्यानंतरची वर्षं मात्र तुमची. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर छापून पुन्हा टाइप करणं म्हणजे गिरणीतून आणलेलं पीठ परत दळायला नेणं. हे तुम्हालाही कळत होतं, म्हणूनच पत्रात लिहिलंत.

माझ्या थोरल्या काकांनी निवृत्तीनंतर गावच्या यात्रेवर आणि तिथल्या घराण्यांवर दीडशे पानांचं पुस्तक काढलं होतं. दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं तोवर जुळणी करणाऱ्याच्या दुकानात मोबाइल रिचार्ज सुरू झालं होतं आणि त्याचा संगणक भंगारात किलोवर गेला होता. वहिनींनी चार महिने बसून पुस्तक पुन्हा टाइप केलं. त्यात गुरवांच्या घराण्याची एक अख्खी शाखा गळली. त्यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही.

म्हणून लॉक जिवंत आहे तोवर हालचाल करा. सगळ्यात आधी २००३च्या आसपासच्या सीड्या काढा, त्या कधी दगा देतील सांगता येत नाही. सगळ्या फाइली आणि त्यांना लागणारे फॉन्ट दोन वेगवेगळ्या डिस्कांवर घ्या. एक दुकानात, एक घरी. एक्सपीच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत करून ठेवा. त्या मशीनला इंटरनेट लावू नका. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ला थांबवली, तेव्हापासून ते दार नुसतं लोटलेलं आहे. मग ज्या पुस्तकांची दुसरी फाइल जगात कुठेच नसेल ती आधी घ्या. लग्नपत्रिका जाऊ द्या. ज्यांची लग्नं झाली त्यांना पत्रिका लागत नाही, आणि ज्यांची मोडली त्यांना तर नकोच.

बाईंचं पुस्तक असं करा. पेजमेकरमधून नुसता साधा मजकूर काढू नका, आरटीएफ काढा. साध्या मजकुरात फॉन्टचं नाव पुसलं जातं, आणि मग कुठलं अक्षर खरंच इंग्रजी होतं नि कुठलं मराठीचं सोंग घेतलेलं, हे जुन्या फॉन्टमधल्या मजकुराचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरला कळत नाही. लेखकानं मध्येच एखादा शब्द इंग्रजीत घातला असेल तर त्याचंही काहीतरी अगम्य मराठी होऊन बसतं. फॉन्टचं नेमकं नाव पाहून त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा. तुमच्या फॉन्टचा मिळाला नाही तर चिरंजीवांना कामाला लावा: कुठल्या कळीला कुठलं चित्र, याचं कोष्टक करायचं. शे-दोनशे ओळींचं काम आहे, आणि ते तुम्ही दोघांनी मिळूनच होईल. कळा तुमच्या बोटांत आहेत, कोष्टक त्याच्या.

मग खरी गंमत सुरू होते. 'किती' लिहिताना तुम्ही वेलांटी आधी दाबता, क नंतर, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. युनिकोड बोलण्याच्या क्रमानं चालतं: आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट. 'मूर्ती'मध्ये तुम्ही सगळं लिहून झाल्यावर शेवटी डोक्यावर रफार ठेवता; युनिकोडला तो र त-च्या आधी हवा, तोंडात येतो तिथे. म्हणजे कन्व्हर्टरला प्रत्येक रफार उचलून मागे नेऊन बसवावा लागतो. साध्या शब्दात जमतं. 'वर्षांनी', 'सर्वांत', 'धर्मांध' अशी डोक्यावर गर्दी झाली की रफार भलत्याच्या गळ्यात पडतो.

पण मराठीची खरी परीक्षा 'ऱ्य'पाशी. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे हिंदी समोर ठेवून केलेले कन्व्हर्टर तिथे हमखास आपटतात. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. पुस्तक तुमच्या भागातलं आहे, तेव्हा जावळीच्या दऱ्या त्यात असणारच. बाईंच्या फोनवर जावळीत समुद्र येईल. 'आचाऱ्याला पैसे दिले'चं 'आचार्याला पैसे दिले' होईल, आणि बाबांनी लग्नात कुठल्या विद्वानाला दक्षिणा दिली याचा त्या विचार करत बसतील. हे शब्द शोधयादी करून एकेक बघा: दुसऱ्या, साऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा, पायऱ्या. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे कीस पाडणं वाटेल. वाटू दे. इंटरनेटवर 'दुसर्या दिवशी' वाचून माझं जे होतं ते मी इथे लिहू शकत नाही.

आणखी एक, जे तुम्हालाच माहीत असणार. ओळ भरावी म्हणून हातानं घातलेले डॅश. छापील पानावर 'महा' वरच्या ओळीत आणि 'बळेश्वर' खालच्या, तेव्हा ते योग्यच होतं. आता ओळ मोकळी झाल्यावर तो डॅश शब्दाच्या पोटात राहतो आणि फोन तिथे ठेच लागल्यासारखा थांबतो. ओळीच्या शेवटी मारलेले एन्टरही तसेच. ते काढायला डोळे लागतात, कारण 'आई-वडील'मधला डॅश राहायला हवा.

तपासणी मात्र नुसत्या डोळ्यांनी करू नका. वीस वर्षं आपण लिहिलेलं डोळे आपोआप बरोबर वाचतात. वडिलांच्या छापखान्यात मूळ प्रत एक जण मोठ्यानं वाचायचा आणि मुद्रितशोधक प्रुफावर नजर ठेवायचा, ते तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. तेच करा. छापील पुस्तक हातात धरा आणि फाइल यंत्राकडून वाचून घ्या. अँड्रॉइडवर टॉकबॅक असतंच. संगणकावर एनव्हीडीए नावाचा, पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो २००६ साली एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं सुरू केला आणि पुढे दुसऱ्या अंध सहकाऱ्याला घेऊन वाढवला, कारण बाजारात मिळणाऱ्या तसल्या सॉफ्टवेअरची किंमत बहुतेक अंधांना झेपणारी नव्हती. लॉकवाल्यांच्या गोष्टीनंतर ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. सॉफ्टवेअर असंही लिहिता येतं.

आता एआयचं. मुलगा म्हणतो तसं पानाचे फोटो दाखवून मजकूर निघतो, बऱ्यापैकी निघतो. ज्या पुस्तकाची फाइलच उरली नाही, फक्त एक पिवळी पडलेली प्रत आहे, तिथे मीही तेच सांगेन. माझ्या वहिनींचे चार महिने वाचले असते. पण तुमच्याकडे अक्षरं आहेत. धान्य कणगीत असताना शेतात सांडलेलं वेचायला का जायचं?

आणि एक धोका आहे, तो मुलाला नीट समजावून सांगा. फोटोतली अक्षरं ओळखणारं जुन्या पद्धतीचं यंत्र घ-चा ध वाचायचं, भ-चा म वाचायचं. चूक दिसायची, कारण शब्द वेडावाकडा व्हायचा. नवी यंत्रं चुकतात तेव्हा नीट चुकतात. अडलं की अंदाजानं शहाणं वाक्य करून देतात. या पुस्तकात म्हातारा लिहीत असेल, 'आमी तवा लई ल्हान व्हतो'. यंत्राला ते अशुद्ध वाटतं. ते गुपचूप 'आम्ही तेव्हा खूप लहान होतो' करून टाकेल, आणि तुम्ही ताळा करायला बसलात तरी सरळ वाक्यावर नजर अडखळणार नाही. बाई परत म्हणतील, हे बाबा नाहीत. यावेळी पुरावाही नसेल. रफार चुकवणारा कन्व्हर्टर मला परवडतो. तो मूर्ख आहे, पण प्रामाणिक आहे.

भाड्याच्या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे. पुण्याचा किंवा साताऱ्याचा मुद्रक इनडिझाइनची फाइल मागत असेल तर त्या महिन्यापुरतं घ्या. भाड्याच्या खोलीत राहायला हरकत नाही, सातबारा आपल्या पेटीत असला म्हणजे झालं. सातबारा म्हणजे युनिकोडमधला मजकूर, साध्या स्वरूपात किंवा लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलमध्ये, जी उद्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडेल. महिन्याचे पैसे भरायचे थांबलात आणि आपलंच काम उघडेना, ही वेळ आली तर लॉकच्या जागी फक्त बँकेचा हप्ता आला, दुसरं काही बदललं नाही. माझं विचाराल तर आधी स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्रॅमवर एक स्मरणिका करून बघा. फुकट आहे, थोडं अडाणी आहे, पण हल्लीच्या आवृत्तीत मराठी जोडाक्षरं नीट बसतात.

फॉन्टची काळजी करू नका, तो काळ गेला. पुस्तकाच्या मजकुराला 'टिरो देवनागरी मराठी' बघा. हिंदीसाठी तोच फॉन्ट वेगळा केलाय, म्हणजे पाकळीचा ल नि देठाचा श आपल्याला मिळावा एवढा विचार कुणीतरी केलाय. हँडबिलाला 'मुक्ता' झकास. अख्ख्या पुस्तकाला मुक्ता लावू नका, पान कोरडं दिसतं. दोन्ही मुक्त परवान्याचे. छापा, वाटा, कुणी लॉक मागणार नाही.

आणि बोटं? तुमची रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांची सवय मोडायची काही गरज नाही. तीच मांडणी युनिकोडसाठीही मिळते. तुम्ही पंचविशीत असता तर इनस्क्रिप्ट ही प्रमाण मांडणीच शिका म्हणून मी हटून बसलो असतो. सत्तावन्नाव्या वर्षी बोटांशी भांडण काढू नये.

दुकान बंद करायचं का, हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण प्रश्न पत्रभर आहे. पत्रिका नि हँडबिलं जातील, ती पोरंटोरं फोनवर करतात. ते काम धरून बसू नका. पण तुमच्यासारखी दुकानं तालुक्यातालुक्यात होती, आणि प्रत्येकाच्या कपाटात सीड्या पडल्यात: संस्थांचे शताब्दी ग्रंथ, स्थानिक कवींचे संग्रह, देवस्थानांचे इतिहास, दिवाळी अंक. तो फॉन्ट ओळखणारी, 'ऱ्य' कुठे तुटणार हे आधीच जाणणारी आणि प्रूफ वाचता येणारी माणसं किती उरली? तुम्ही सात-आठ वर्षं हे काम सहज कराल, पानाच्या दरानं, ताठ मानेनं. वाई, सातारा, कऱ्हाड एवढ्या टापूतल्या ग्रंथालयांना आणि ट्रस्टांना एकेक पत्र टाका. बाईंचं पुस्तक नमुना म्हणून दाखवा, अर्थात त्यांना विचारून.

शेवटचं, फाइल देताना. पीडीएफ पुन्हा पाठवू नका. प्रकरणांच्या नावांना शीर्षकाची शैली लावून वर्डची फाइल द्या, म्हणजे त्यांना फोनवर एका प्रकरणातून दुसऱ्यात उडी मारता येईल. नाहीतर दर वेळी प्रस्तावनेपासून ऐकावं लागतं, आणि प्रस्तावना कुणाच्याही असोत, दोनदा ऐकवत नाहीत. पान क्रमांक आणि पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव काढून टाका. ते दर पानाला वाक्याच्या मध्ये घुसतं. पहिलं प्रकरण तयार झालं की पूर्ण पुस्तकाची वाट न बघता तेवढं पाठवा आणि त्यांना सांगा, ऐकताना जिथे बाबा असं बोलणार नाहीत असं वाटेल तिथे थांबवा नि मला फोन करा. छापील प्रत तुमच्या हातात असेल, पण तो माणूस बोलायचा कसा हे फक्त त्यांना ठाऊक आहे.